पोटात गॅस आणि छातीत धडधड: यांचं नातं काय? 'गॅसच असेल' म्हणणं कधी महागात पडतं?

रात्रीचे साडेअकरा. लालबागला दर्शनाच्या रांगेत पाच-सहा तास उभं राहून तुम्ही घरी आलात. दुपारचं जेवण बुडालेलं. वाटेत दोन वडापाव, तीन कटिंग आणि वर थंडगार सोडा, एवढंच पोटात गेलंय. अंथरुणावर पाठ टेकली आणि छातीत एकदम धडधड सुरू झाली. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला. पोट फुगलेलं, घशाशी आंबट. उठून बसलात, दोन मोठे ढेकर आले आणि धडधड ओसरली.

घरातलं कुणीतरी म्हणतं, "गॅस झालाय, ओवा खा." दुसरं कुणीतरी मोबाइलवर शोधून आणखी घाबरवतं. मग खरं काय मानायचं?

पोटाचा आणि हृदयाचा संबंध आहे का?

आहे, आणि तो शेजाराचा आहे. हृदय आणि जठर यांच्यामध्ये फक्त एक पातळ स्नायूचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. पोट गच्च भरलं किंवा वायूने फुगलं की हा पडदा वर ढकलला जातो. आडवं झाल्यावर हा दाब जास्त जाणवतो.

अन्ननलिका तर हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला जवळजवळ चिकटूनच खाली उतरते. म्हणूनच काही रुग्णांच्या हृदयाची सोनोग्राफी डॉक्टर घशातून नळी घालून, अन्ननलिकेच्या आतून करतात. तिथून हृदय स्पष्ट दिसतं.

तिसरा दुवा व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा. मेंदूतून निघून तो हृदयाला आणि पुढे जठर-आतड्यांनाही जोडतो. पोट ताणलं गेलं किंवा आम्ल वर आलं की हा तंतू चाळवतो आणि हृदयाची लय क्षणभर बिघडू शकते. एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग थोडा थांबा, आणि पुढचा ठोका जोरात. आपल्याला तोच 'ठोका चुकला' असा जाणवतो.

त्यात जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, म्हणून हृदय थोडं वेगानं चालतंच. चहा-कॉफी, तंबाखू, दारू आणि जागरण या वेगात भर घालतात.

डॉक्टरांना हे माहीत आहे का?

शंभराहून जास्त वर्षांपासून. जर्मनीतले डॉक्टर लुडविग रोमहेल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोटातल्या वायूमुळे होणाऱ्या हृदयाच्या तक्रारींचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्याच नावावरून या तक्रारींना 'रोमहेल्ड सिंड्रोम' म्हणतात. त्यामुळे "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं कुणी म्हणालं, तर ते बरोबर नाही.

फक्त गॅसमुळेच धडधड होते का?

नाही. पोटाचा त्रास रक्ताच्या वाटेनंही हृदयापर्यंत पोहोचतो.

पावसाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातलं पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होतं. ठोक्यांची लय या क्षारांवरच अवलंबून असते. अशा वेळी ओआरएस हे हृदयासाठीही औषधच आहे.

दुसरं कारण सहज नजरेतून सुटतं. गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांच्या जठरात व्रण होऊन थोडं थोडं रक्त जात राहतं. पोट फारसं दुखतही नाही. पण हिमोग्लोबिन उतरतं आणि दादर स्टेशनचा जिना चढताना छाती धडधडायला लागते. शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तिसरं कारण खुद्द पित्तावरच्या गोळ्या. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अशी औषधं वर्षानुवर्षं घेतल्यास काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम कमी होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये तसा इशारा दिला होता. आपल्याकडे यांच्या जोडीला बऱ्याचदा डोमपेरिडोन असतं. हृदयाच्या लयीला असलेल्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये डोमपेरिडोनचा डोस कमी केला आणि ते सहसा आठवड्याहून जास्त देऊ नये असं सांगितलं. साठीच्या पुढच्या लोकांना हा धोका जास्त. म्हणून केमिस्टकडून आणलेली पट्टी परस्पर चालू ठेवू नका. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मनानं बंदही करू नका, त्यांना विचारा.

मग 'गॅसच असेल' म्हणून सोडून द्यायचं का?

खरी गोम इथेच आहे. जे शेजारपण गॅसला हृदयविकारासारखं भासवतं, तेच हृदयविकाराच्या झटक्याला गॅससारखं भासवतं. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की बरेचदा छातीत कळ येतच नाही. पोटाच्या वरच्या भागात दुखतं, मळमळतं, उलटी होते, घाम फुटतो. मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात असं जास्त दिसतं.

"सोडा प्यायलो, ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे गॅसच" हा हिशेबही फसवा आहे. हृदयाचं दुखणंही मध्येच ओसरतं. बरं वाटलं यावरून कारण ठरत नाही.

पुढीलपैकी काहीही असेल तर ओवा-सोडा बाजूला ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा:

• छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं; दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जाणं
• थंड घाम, धाप, चक्कर, शुद्ध हरपणं
• एकदम सुरू झालेली, बसून राहिलं तरी न थांबणारी वेगवान धडधड
• चालताना किंवा जिना चढताना येणारी आणि थांबलं की कमी होणारी 'अ‍ॅसिडिटी'

परळच्या ज्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, ते या भागातल्या लोकांपासून हाकेच्या अंतरावर आहे. पण तिथं किंवा कुठंही पहिली पायरी साधीच असते: ईसीजी. छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून 10 मिनिटांत व्हावा, असा वैद्यकीय संकेत आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास सुरूच असेल, तर तो पुन्हा काढावा लागतो.

त्रास वरचेवर होत असेल तर?

धडधड होत असताना मनगटाची नाडी 15 सेकंद मोजा आणि चारने गुणा. स्वस्थ बसलेलं असताना 60 ते 100 ठोके नॉर्मल मानले जातात. वेळ, काय खाल्लं, किती मिनिटं टिकलं, लय सरळ होती की वेडीवाकडी, हे लिहून ठेवा. या चार ओळी डॉक्टरांना खूप उपयोगी पडतात. गरज वाटल्यास ते 24 तासांचं होल्टर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी सांगतील.

तपासणीत हृदय ठीक निघालं, तर उपाय आपल्या ताटात आहे. थोडं थोडं, सावकाश खा. रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नका. पोट रिकामं ठेवून चहावर दिवस काढू नका.

बहुतेक वेळा घरच्यांचं "गॅस झालाय" हे खरंच निघतं. पण तसं म्हणायचं ते ईसीजी पाहिल्यानंतर, आधी नाही.