‘सेट’ : एक शब्द, शेकडो अर्थ

- शब्दकोशात : ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची. अर्थ सुमारे ४३०. सुधारणेनंतर ‘रन’ पुढे. ‘रन’ या क्रियापदाचेच ६४५ अर्थ.
- क्रियापद : मूळ अर्थ ‘बसवणे’. भूतकाळातही रूप तेच.
- टेनिस : किमान ६ गेम आणि २ गेमची आघाडी, ६-६ झाल्यास सहसा टायब्रेक.
- व्हॉलीबॉल : सेट २५ गुणांचा, पाचवा १५ गुणांचा, २ गुणांची आघाडी आवश्यक.
- गणित : संच. संच सिद्धांताचे जनक गेओर्ग कॅन्टर.
- मराठी बोलण्यात : दागिन्यांचा सेट, मालिकेचा सेट, केस सेट करणे, नोकरीत सेट होणे.
- वेगळा ‘सेट’ : सहायक प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा. हे इंग्रजी नावाचे लघुरूप आहे.