नळी निघाली म्हणजे बोका बरा झाला असं नाही

लघवी तुंबलेला बोका ही मांजरांच्या डॉक्टरांकडे नेहमी येणारी आणीबाणी. बोक्याचा मूत्रमार्ग मादीपेक्षा लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. तिथे चिकट स्राव आणि बारीक स्फटिकांचा बोळा बसला, किंवा नुसती सूज आली, तरी वाट बंद होते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात, काही दिवस ठेवून घेतात आणि मग त्याला घरी सोडतात. घरी आल्यावर ज्या चुका होतात त्या बहुतेक मायेपोटीच होतात. त्यातल्या काही जीवघेण्या आहेत.

पहिला समज म्हणजे लघवी मोकळी झाली, आता काळजी नाही. खरं तर नळी काढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तुंबण्याचा धोका बराच असतो. मूत्रमार्ग सुजलेला असतो, स्नायू आखडलेले असतात. म्हणून या दिवसांत बोक्याच्या ट्रेवर बारीक लक्ष ठेवायचं. ट्रेमध्ये नेहमीची वाळू असेल तर रोज किती गोळे होतात आणि केवढे, हे बघा. ट्रेमध्ये साधा कागद घातला तर थेंबसुद्धा दिसतो. पहिले काही दिवस लघवी थोडी थोडी, वारंवार आणि गुलाबीसर होणं चालतं. पण बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, ओरडतोय, सारखं मागे चाटतोय आणि कागद कोरडाच आहे, तर सकाळची वाट बघू नका. याच कुंथण्याला लोक बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल पाजतात. त्यात मोलाचे तास जातात.

‘डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही’ ही तक्रारही ऐकू येते. तरुण बोक्यांच्या मूत्राशयाच्या दाहात जंतूंचा हात क्वचितच असतो. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. ताण, घरातले बदल, कमी पाणी पिणं यांचा त्यात वाटा असतो. दिलेली वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारी औषधं वेळेवर देणं हाच तिथे खरा उपचार. त्या औषधांनी तो थोडा झिंगल्यासारखा चालला तर घाबरू नका. अजिबात उठत नसेल तर मात्र फोन करा.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. अंग गरम लागतंय, दुखत असेल, म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी चिमूटभर कुटून देणारे लोक आहेत. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करण्याची यंत्रणाच फार कमकुवत असते. त्यामुळे रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा सुजतो. माणसाची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकंच वाईट. शिवाय मांजराचं निरोगी तापमानच ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, त्यामुळे आपल्या हाताला ते नेहमी गरमच लागणार. चुकून एखादी गोळी पोटात गेलीच, तर लक्षणं दिसण्याची वाट न बघता निघा. उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

‘भूक लागली की खाईल’ हे कुत्र्याच्या बाबतीत बऱ्याचदा खरं ठरतं, मांजराच्या बाबतीत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून ते लठ्ठ असलं, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि नवंच दुखणं उभं राहतं. घरी आल्यापासून एक दिवसभर त्याने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका. ठसका लागून अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं आणि त्या अन्नाचा तिटकारा बसतो. ओलं अन्न कोमट करून द्या, वास सुटला की बरीच मांजरं तोंड लावतात. दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. चिकन उकडून देणार असाल तर त्यात कांदा-लसूण नको, त्याने तांबड्या पेशी फुटतात.

पाण्याचं महत्त्व या आजारात सगळ्यात जास्त आहे. पाउचमधल्या ओल्या अन्नात सुमारे पाऊण भाग पाणी असतं, कोरड्या दाण्यांत दहावा हिस्सा. लघवी जितकी पातळ, तितका बोळा बसण्याचा संभव कमी. पसरट वाट्या दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब ठेवा.

आजारी मांजर आलंय म्हणून फरशी फिनाईलने पुसायची घाई करू नका. काळ्या फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराला विषारी असतात; ती पंजाला लागतात आणि चाटताना पोटात जातात. साबणाचं पाणी पुरतं. गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन ‘बिचारा अवघडलाय’ म्हणून काढू नका. जिभेने चाटून जखम बरी होत नाही, उलट चिघळते.

घरात दुसरं मांजर असेल तर ते फिस्कारेल. दवाखान्याचा वास आलेला बोका त्याला अनोळखी वाटतो. दोघांना दोन खोल्यांत ठेवून एकाच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल दुसऱ्याजवळ ठेवावा. घाई केली तर ताण वाढतो, आणि ताण या आजाराला पुन्हा ओढून आणतो.

तो घुर्रघुर्र करतोय म्हणजे खुशीत आहे, असंही धरू नका. मांजरं वेदनेतही घुरघुरतात. झोपेत श्वास मोजा, मिनिटाला ३० च्या आत असावा. उलट्या, पोट टणक लागणं, कोरडा ट्रे, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याला फोन करा आणि मागचे कागद सोबत घेऊन निघा.