बिल ट्रेलर : फुटपाथवरच्या चित्रांचा ऐंशी वर्षांचा प्रवास

बिल ट्रेलर हे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील चित्रकार. त्यांचा जन्म गुलामगिरीत झाला आणि आयुष्याची बहुतेक वर्षे दुसऱ्याच्या जमिनीवर राबण्यात गेली. म्हातारपणी माँटगोमेरी शहरात त्यांना स्वतःचे घर उरले नव्हते. तिथल्या एका रस्त्याच्या कडेला बसून, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यांनी टाकाऊ पुठ्ठ्यांवर चित्रे काढली. 1939 ते 1942 या अल्प काळात त्यांच्या हातून सुमारे दीड हजार चित्रे झाली आणि त्यांपैकी हजारावर आज उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय पातळीवरील संग्रहालयांत आता त्यांना मानाचे स्थान आहे. या चित्रांना दुसरी संधी पुरेपूर मिळाली. ती काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र तिचा फार थोडा अंश आला. रस्त्यावरच्या माणसाला संधी मिळते ती नेमकी कशी आणि ती कुठे अडते, हे या ऐंशी वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

शेतावरची सात दशके

ट्रेलर यांचा जन्म 1853च्या सुमारास अलाबामातील डॅलस परगण्यात, कापसाच्या मोठ्या मळ्यावर झाला. ‘ट्रेलर’ हे आडनाव मळ्याच्या मालकाचे; गुलामांना मालकाचेच नाव लागे. 1865मध्ये यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, तेव्हा ते साधारण बारा वर्षांचे होते. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकडे ना जमीन होती, ना पैसा, ना शिक्षण. बहुतेक जण त्याच परिसरात मजुरी किंवा अर्धेलीची शेती करत राहिले. बी-बियाणे आणि धान्य उधारीवर घ्यायचे, पीक निघाल्यावर हिशेब मालकाने करायचा आणि कर्ज पुढच्या हंगामावर टाकायचे, हा त्या व्यवस्थेचा क्रम होता. ट्रेलर यांची पुढची सहा दशके त्यातच गेली. संसार झाला, बरीच मुले झाली. लिहिता-वाचता मात्र त्यांना कधीच आले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे काम आणि सुरक्षितता शोधत उत्तरेकडच्या शहरांत जाऊ लागली. ट्रेलर यांची अनेक मुलेही डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन अशा शहरांकडे गेली. 1929मध्ये त्यांचा मुलगा विल अलाबामातील बर्मिंगहॅममध्ये पोलिसांच्या हातून मारला गेला. वर्णभेदाच्या कायद्यांनी जखडलेल्या त्या राज्यात अशा मृत्यूची दाद मागण्याची सोय कृष्णवर्णीय कुटुंबाला नव्हती.

मन्रो स्ट्रीट

1920च्या दशकाच्या अखेरीस, पंचाहत्तरीच्या आसपास, ट्रेलर एकटेच माँटगोमेरीत आले. अंगात बळ होते तोवर त्यांनी मिळेल ते काम केले. पुढे सांधेदुखीने काम सुटले आणि सरकारी मदतीच्या तुटपुंज्या रकमेवर दिवस निघू लागले. मन्रो स्ट्रीट हा शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या व्यापाराचा भाग होता. न्हाव्याची, चांभाराची, लोहाराची दुकाने, खाण्याची ठिकाणे आणि बिलियर्डचा अड्डा तिथे होता. तिथल्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने ट्रेलर यांना रात्री आपल्या जागेत, शवपेट्या ठेवलेल्या मागच्या खोलीत, अंथरूण टाकू दिले. दिवसा ते रस्त्याच्या कडेला खोक्यावर बसत. येणारे-जाणारे त्यांची विचारपूस करत, कोणी खायला आणून देई. या वस्तीचा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण ट्रेलर यांना पहिला आधार दिला तो तिनेच. नाव झाल्यावर मदतीला येणारे पुढे भेटले. नाव नसताना झोपायला जागा देणारे हे शेजारी होते.

1939मध्ये चार्ल्स शॅनन या तरुण गौरवर्णीय चित्रकाराने त्यांना पाहिले. पांढऱ्या दाढीचे हे वृद्ध गृहस्थ मांडीवर फळी ठेवून, पेन्सिलच्या तुकड्याने आणि सरळ काठीच्या आधाराने पुठ्ठ्यावर रेघा ओढत होते. शॅनन पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांनी पोस्टर रंग, ब्रश आणि कोरे पुठ्ठे आणून दिले, चित्रे विकत घेतली आणि मुख्य म्हणजे ती जपून ठेवली. कसे काढावे हे मात्र त्यांनी शिकवले नाही. ट्रेलर यांना कोऱ्या, गुळगुळीत पुठ्ठ्यापेक्षा डागाळलेला, कोपरे फाटलेला, दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा अधिक आवडे. त्यावरचा डाग, चीर किंवा वेडीवाकडी कड ते चित्रात सामावून घेत. पूर्ण झालेली चित्रे दोरीने मागच्या कुंपणावर टांगली जात आणि कोणी मागितले तर काही सेंटांना विकली जात.

चित्रांचे स्वरूप

ट्रेलर यांची रचना वरवर साधी दिसते. आधी चौकोन, त्रिकोण, आयत असे भौमितिक आकार आखायचे, मग त्यांना हातपाय, डोके, शेपूट जोडायचे आणि आतला भाग सपाट रंगाने भरून काढायचा. छायाप्रकाश नाही, दूर-जवळ दाखवणारे यथार्थदर्शन नाही, बहुधा पार्श्वभूमीही नाही. तरीही खेचराचा हट्ट, कुत्र्याचा आवेश आणि दारू प्यायलेल्या माणसाचा तोल एका बाह्यरेषेतून समजतो. आकृतीभोवतीची मोकळी जागा ते इतक्या अचूकपणे राखतात की चित्र स्थिर असूनही हलते आहे असे वाटते. काळा, तपकिरी, लाल आणि विशेषतः गडद निळा हे त्यांचे रंग.

विषय दोन जगांतले आहेत. एक मळ्यावरचे : खेचरे, बैल, डुकरे, साप, नांगरणी, शिकार. दुसरे शहरातले : टोपी घातलेले, छत्री धरलेले, पर्स घेतलेले, ऐटीत चालणारे कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष. या दोहोंच्या मधोमध येतात ती धावपळीची, गुंतागुंतीची चित्रे. त्यांत छपरावर चढलेली माणसे, बंदूक किंवा कुऱ्हाड उगारलेले हात, पाठलाग करणारे कुत्रे आणि पडणाऱ्या आकृत्या दिसतात. पूर्वी अनेकांनी ती गमतीची चित्रे मानली. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांत पळून जाणाऱ्या गुलामांचा शोध, जमावाने केलेल्या हत्या आणि रोजची दहशत वाचली. या गोष्टी उघड बोलल्या तर जीव जाण्याची भीती असलेल्या शहरात, भर रस्त्यावर बसून, एक कृष्णवर्णीय माणूस त्या पुठ्ठ्यावर मांडत होता. अर्थ झाकलेला ठेवणे हा त्याच्या कलेचा भाग होता आणि संरक्षणाचाही.

पहिली संधी आणि तिची मर्यादा

शॅनन आणि त्यांच्या मित्रांनी माँटगोमेरीत ‘न्यू साउथ’ नावाचे कलाकेंद्र चालवले होते. तिथे 1940च्या फेब्रुवारीत ट्रेलर यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. जानेवारी 1942मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल भागातील फील्डस्टन शाळेत दुसरे झाले. ते पाहून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे आल्फ्रेड बार यांनी सोळा चित्रे निवडली आणि लहान चित्राला एक डॉलर, मोठ्याला दोन डॉलर या दराने पैसे पाठवले. विचारणा न करता ठरवलेला हा भाव शॅनन यांनी नाकारला आणि चित्रे परत आली. ट्रेलर यांच्या हयातीत मोठ्या संग्रहालयाने दार किलकिले केले ते एवढेच.

दुसऱ्या महायुद्धाने हा धागा तुटला. शॅनन सैन्यात गेले आणि ट्रेलर उत्तरेकडच्या शहरांत मुलाबाळांकडे राहू लागले. या काळात गँगरीनमुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. ते माँटगोमेरीला परतले तेव्हा सरकारी मदत थांबली होती, कारण शहरात मुलगी असल्यामुळे पोसण्याची जबाबदारी तिची ठरवण्यात आली. 23 ऑक्टोबर 1949 रोजी त्यांचे निधन झाले. दफन झाले, पण त्या जागी नावाचा दगड बसवला गेला नाही.

खोक्यांत राहिलेली चित्रे

युद्धानंतर तीस वर्षे ही चित्रे शॅनन यांच्या घरी खोक्यांत पडून होती. 1970च्या दशकाच्या मध्यास त्यांनी आणि त्यांच्या पत्नी युजिनिया यांनी ती बाहेर काढून लावली, विषयवार मांडली. 1979मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत प्रदर्शन भरले. खरी कलाटणी मिळाली ती 1982मध्ये. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीत ‘ब्लॅक फोक आर्ट इन अमेरिका, 1930–1980’ हे प्रदर्शन झाले आणि ट्रेलर यांचे सापाचे चित्र त्याच्या सूचीच्या मुखपृष्ठावर आले. त्यानंतर संग्रहालये आणि संग्राहक दोघेही या चित्रांकडे वळले. अटलांटाचे हाय म्युझियम आणि माँटगोमेरीचे कलासंग्रहालय यांनी मोठे संच मिळवले.

किंमत वाढली तसा हक्काचा प्रश्न उभा राहिला. 1992मध्ये ट्रेलर यांच्या वारसांनी शॅनन यांच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि कुटुंबाला बारा चित्रे मिळाली. हा वाद केवळ पैशाचा नव्हता. शॅनन यांनी चित्रे जपली नसती तर आज ट्रेलर यांचे नावही राहिले नसते, हे खरे. पण कलाकार निरक्षर, गरीब आणि कृष्णवर्णीय. जपणारा शिकलेला आणि गौरवर्णीय. अशा नात्यात देणगी कुठे संपते आणि मालकी कुठे सुरू होते हे त्या वेळी कोणी लिहून ठेवले नव्हते. चित्रकाराच्या आयुष्याविषयीची बहुतेक माहितीही दीर्घकाळ शॅनन यांच्याच आठवणींतून येत राहिली.

पूर्ण चरित्राकडे

ही उणीव भरून काढण्याचे काम स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममधील लेस्ली अंबर्गर यांनी केले. जनगणनेची पाने आणि इतर जुनी कागदपत्रे तपासून त्यांनी जन्म, कुटुंब, स्थलांतर आणि मृत्यू यांची सुसंगत मांडणी केली. सप्टेंबर 2018मध्ये त्यांनी उभे केलेले ‘बिटवीन वर्ल्ड्स’ हे प्रदर्शन सुरू झाले. त्यात 155 चित्रे होती. गुलामगिरीत जन्मलेल्या कलाकाराचे हे पहिले मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन ठरले. त्याच वर्षी माँटगोमेरीत ट्रेलर यांच्या कबरीवर नावाचा दगड बसला. जानेवारी 2020मध्ये न्यूयॉर्कमधील क्रिस्टीजच्या लिलावात त्यांच्या दुहेरी बाजूंच्या एका चित्राला 5 लाख 7 हजार डॉलर मिळाले. ते पूर्वी लेखिका ॲलिस वॉकर यांच्या संग्रहात होते.

या साऱ्या क्रमातून काही गोष्टी निश्चितपणे हाती लागतात. ट्रेलर यांची प्रतिभा लपलेली नव्हती. कुंपणावर टांगलेली चित्रे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसत होती. कमी होती ती थांबून पाहणाऱ्याची आणि परत येणाऱ्याची. संधीसाठी मोठी योजना लागली नाही. निजायला कोपरा, रंगाच्या बाटल्या, पुठ्ठा आणि काम जपणारा माणूस एवढ्यावर दीड हजार चित्रे झाली. मात्र ती काढणाऱ्या चित्रकाराचे औषधपाणी, निवारा आणि मोबदला यांची तरतूद करणारे कोणीही नव्हते, म्हणून कौतुक असूनही शेवटची वर्षे हालात गेली. गुणांची दखल आणि जगण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली की दुसरी आपोआप मिळते, हा समज ट्रेलर यांच्या चरित्राने पुरता खोडून काढला आहे. आज रस्त्यावरच्या कलाकाराला पुढे आणू पाहणाऱ्याने या दोन्हींची सोय एकाच वेळी करायला हवी.