आंब्याची साठं उन्हात की ड्रायरमध्ये? मशीन घेण्याआधी हा हिशोब बघा

दाभोळ (ता. दापोली) : मे महिना सरत आला की आंब्याचा भाव पडतो आणि घरोघरी साठं, म्हणजेच आंबापोळी, घालायची घाई सुरू होते. पण नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. तूप लावलेल्या ताटात रसाचा एक थर सुकला की त्यावर दुसरा, असं तीन-चार दिवसांचं काम एका सरीने वाया जातं. त्यात धूळ आणि माश्यांचा त्रास वेगळाच. म्हणूनच अनेक बचत गटांत आता ड्रायरची चर्चा असते.

मशीन नेमकं काय करते?
पल्पर कोय आणि साल बाजूला काढून रस गाळतो. ड्रायर गरम हवा फिरवून रसातलं पाणी काढतो. खाडीकाठची हवा दमट असल्याने नुसत्या उन्हात हेच काम रेंगाळतं. ड्रायरमध्ये ते काही तासांवर येतं आणि रात्रीही चालू ठेवता येतं.

मात्र उष्णता ६० अंशांच्या आसपासच ठेवावी. लवकर व्हावं म्हणून जास्त तापवलं तर वरची साय कडक होते, आत ओल राहते आणि पुढे बुरशी धरते. रंग आणि वासही उतरतो. रस आंबट असतो, लोखंड लागलं तर तो काळपट पडतो. त्यामुळे भांडी आणि ट्रे स्टीलचेच हवेत.

विजेचा खर्च
१० किलो रसात साधारण ८ किलो पाणी असतं. त्यात १ किलो साखर घातली, तर हातात येते सुमारे साडेतीन किलो पोळी. म्हणजे साडेसात किलो पाणी उडवावं लागतं. त्याला किमान ५ युनिट वीज लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. त्यामुळे ऊन असेल तेव्हा सोलर ड्रायर आणि ढग आले की वीज, अशी जोड स्वस्त पडते.

अनुदान कसं मिळतं?
२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. रत्नागिरी जिल्ह्याचं त्यातलं उत्पादन आंबाच आहे. २ लाखांच्या प्रकल्पाला ७० हजार अनुदान बसतं. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात, बाकी बँकेचं कर्ज. अनुदान कर्जाशी जोडलेलं असल्याने आधी रोखीने मशीन घेऊन मग अर्ज करू नये. योजनेची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी.

घाई नको
आंब्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, हप्ते मात्र बारा महिन्यांचे. त्यामुळे फणसपोळी, कोकम, आमसुलं यांनाही तोच ड्रायर चालेल का, हे आधी बघावं. एकटीला न परवडणारी मशीन चार-पाच जणींना मिळून परवडते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आधी माहिती घेतलेली बरी.

विकायचं असेल तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच. आणि पोळी ड्रायरमधून काढून गार झाली की लगेच पॅक करावी. दमट हवेत उघडी राहिली तर ती पुन्हा ओल धरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.