चिन्हांची भाषा

मुलांनो, कामाचा क्रम दाखवणाऱ्या चित्राला प्रवाहआकृती म्हणतात. समजा, नागपूरच्या संत्र्यांचा रस कसा तयार होतो, ते आपण एका ओळीत तीन चौकटींनी दाखवले : संत्री धुणे, रस काढणे, बाटल्या भरणे. मराठी डावीकडून वाचतात, उर्दू उजवीकडून. मग उर्दू वाचणारा म्हणेल, "आधी बाटल्या भरायच्या!" चौकटींमध्ये बाण काढा. गोंधळ मिटेल.

पण प्रत्येक चिन्ह बाणासारखे सहज कळत नाही. शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत प्रश्न असतो : 'संत्रे चांगले आहे का?' तिथून 'होय' आणि 'नाही' अशा दोन वाटा फुटतात. हा अर्थ शिकावा लागतो. म्हणून आकृतीखाली चिन्हांचे अर्थ लिहावेत. चिन्ह काढणाऱ्याला समजून भागत नाही. पाहणाऱ्यालाही ते समजले पाहिजे.