मागाचा हिशेब : एकदाच लिहा, आलेख आपोआप काढा

बऱ्हाणपूरला आलेला पाहुणा आधी शाही किल्ला पाहतो, मुमताजमहलची आठवण काढतो आणि वेळ उरलाच तर कुंडी भंडाऱ्याकडे वळतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. 1615 साली, खानखाना अब्दुर्रहीम यांच्या कारकीर्दीत, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही पाणीव्यवस्था उभी केली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा होते आणि उताराने शहराकडे येते. शंभराहून अधिक कुंड्या या बोगद्यांनी जोडलेल्या आहेत. उतार एकदा नीट दिला, की पाणी कोणी डोक्यावर वाहून न्यायचे कारण नाही.

संगणकावरच्या हिशेबाचेही तसेच आहे. आकडे एका जागी एकदाच भरायचे आणि पुढची बेरीज, पगार, आलेख यांकडे ते आपले आपण वाहत जायला हवेत. प्रत्यक्षात आपण काय करतो? रजिस्टरमधून एक्सेलमध्ये, एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये, तिथून आलेखात, असे हंडे वाहतो.

माझे माहेर बेळगावच्या वडगावातले, सासर बऱ्हाणपूरचे. दोन्हीकडे मागच. तिकडे साडी, इकडे साधे कापड. आपल्याकडे कन्नडमध्ये ‘मग्ग’, मराठीत ‘माग’; आवाज मात्र तोच. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने इथले तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. आज इथे यंत्रमागांचा खडखडाट असतो. आमच्या आजीचे एक वाक्य होते, ‘लेक्क सरि इद्र मनि सरि इरतैति.’ हिशेब नीट असेल तर घर नीट राहते. ते मी इकडे येताना बरोबर आणले.

दोन कामे, दोन कार्यक्रम

आमच्या कारखान्यात दोन पाळ्या. प्रत्येक पाळीत कोणत्या मागावर कोण होते, किती मीटर निघाले आणि कोणी किती उचल घेतली, हे लिहिले जाते. आठवड्याला पगार. बारा माग असले तरी आठवड्याला दीडशेच्या वर नोंदी होतात, वर्षाला हजारो.

या नोंदी मी ॲक्सेसमध्ये ठेवते. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेला हा डेटाबेस आजही त्यांच्या ऑफिसबरोबर मिळतो, पण तो फक्त विंडोजवर चालतो. त्यात कारागिरांचे एक टेबल, मागांचे एक, दरांचे एक आणि रोजच्या नोंदींचे एक. कारागिराचे नाव एकदाच लिहायचे, नोंदीत त्याचा क्रमांक येतो. त्यामुळे एकच माणूस तीन तऱ्हेच्या स्पेलिंगने तीन माणसे होत नाही.

दरांच्या टेबलात नुसता दर नव्हे, तो कोणत्या तारखेपासून लागू तेही लिहावे. मजुरी वाढली की नवी ओळ घालायची, जुनी पुसायची नाही. नाहीतर मागच्या वर्षीचा पगारही आजच्या दराने दिसू लागतो आणि भांडणाला तोंड फुटते.

आलेख मात्र एक्सेलनेच काढावेत. त्याचे रंगरूप चांगले, आणि व्यापाऱ्यापासून सीएपर्यंत सर्वांना ती फाईल उघडता येते.

बटण दाबल्यावर काय होते?

ॲक्सेसमध्ये व्हीबीए नावाची लहानशी भाषा आहे. तिच्यात लिहिलेला वीस-पंचवीस ओळींचा कार्यक्रम एका बटणाला जोडला, की पुढची कामे क्रमाने होतात.

आधी क्वेरी चालते आणि आठवड्याची बेरीज तयार होते. मग ‘क्रिएट ऑब्जेक्ट’ ही आज्ञा पडद्याआड एक्सेल सुरू करते. त्यात आपण आधीच सजवून ठेवलेली नमुना फाईल उघडते. तिच्यात मथळे आणि आलेख तयार असतात, आकड्यांची जागा रिकामी असते. ‘कॉपी फ्रॉम रेकॉर्डसेट’ ही आज्ञा क्वेरीतले सगळे आकडे एका दमात त्या जागी ओतते. मथळे ती आणत नाही, म्हणून ते नमुन्यातच हवेत. आकडे पडले की आलेख स्वतःच बदलतो. शेवटी फाईल तारखेच्या नावाने साठवायची आणि एक्सेल बंद करायचे. ही शेवटची आज्ञा राहिली, तर न दिसणारे एक्सेल मागे चालूच राहते आणि संगणक मंदावतो. टास्क मॅनेजरमध्ये ते सापडते.

मराठी-कन्नड घरांसाठी एक खास सूचना. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी किंवा कन्नड अक्षरे टिकत नाहीत, त्यांची प्रश्नचिन्हे होतात. यावर उपाय सोपा आहे. आलेखाची शीर्षके ॲक्सेसच्या एका टेबलात लिहा. एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड. टेबलात दोन्ही लिप्या व्यवस्थित राहतात आणि कार्यक्रम तिथून शीर्षक उचलतो. वडगावात माझा भाऊ हीच फाईल वापरतो. त्याच्या भिंतीवरचा आलेख कन्नडमध्ये असतो, माझा मराठीत.

आरोप माणसावर, दोष मागात

हे सगळे कशासाठी, ते आता सांगते. 2019 च्या दिवाळीनंतर आमच्याकडे एका वयस्कर कारागिराचे मीटर सतत कमी येऊ लागले. शेवटच्या चार मागांवर ते दिवसपाळी करत. मामंजी म्हणाले, ‘सूनबाई, चाचांचे आता वय झाले. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघू.’ सतरा वर्षे काम केलेला माणूस आणि घरात खाणारी पाच तोंडे!

मी म्हटले, ‘मामंजी, एकदा मागाप्रमाणे बेरीज काढून बघू या.’ तोपर्यंत आम्ही आलेख कारागिरांच्या नावाने काढत होतो. नोंदी त्याच ठेवल्या, क्वेरीत गट फक्त बदलला : नावाऐवजी मागाचा क्रमांक आणि पाळी. आलेख निघाला तेव्हा शेवटच्या चार मागांचे खांब दोन्ही पाळ्यांत बुटके होते. रात्रीचा तरुण कारागीरही तिथे तितकाच मागे पडत होता. शिवाय चाचा ज्या दिवशी बदली म्हणून दुसऱ्या मागांवर उभे राहिले होते, त्या दिवशी त्यांचे मीटर इतरांच्या बरोबरीने होते.

मेकॅनिकला बोलावले. त्या चारही मागांच्या मोटारींचे पट्टे सैल होऊन घसरत होते. यातले गणित पाहा. 52 पीक, म्हणजे इंचात आडवे 52 धागे असलेल्या कापडाच्या एका मीटरला सुमारे 2047 धागे लागतात. मिनिटाला 130 धागे टाकणारा माग बारा तास न थांबता चालला, तर 45.7 मीटर कापड होते. वेग 120 वर आला तर 42.2 मीटर. एका मागाला साडेतीन मीटरची तूट, चार मागांना चौदा. मजुरी मीटरवर असते, म्हणजे ही तूट रोज चाचांच्या खिशातून जात होती.

पट्टे बदलले. मामंजींनी मागच्या आठवड्यांचा फरक हिशेब करून चाचांना दिला आणि रात्रीच्या मुलालाही दिला. चाचा त्यानंतर आणखी दोन वर्षे कामावर होते. आता आमच्याकडे दर आठवड्याला दोन आलेख निघतात, एक माणसांचा आणि एक मागांचा, आणि दोन्ही दाराजवळ लागतात.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

केळीचा व्यापार असो, दूध डेअरी असो की बचत गट, रीत हीच. काही गोष्टी मात्र आधीच ध्यानात घ्याव्यात.

हिशेबाचे सूत्र एकाच जागी ठेवावे. पगार ॲक्सेसमध्ये काढत असाल तर एक्सेलमध्ये पुन्हा काढू नये. दोन सूत्रे दोन उत्तरे देतात. ॲक्सेसची फाईल 2 जीबीच्या वर वाढत नाही, म्हणून त्यात फोटो भरू नयेत. रोज एक प्रत पेनड्राईव्हवर घ्यावी. ईमेलने आलेल्या फाईलमधले मॅक्रो 2022 पासून ऑफिस आपणहून अडवते. पाठवणारा ओळखीचा असल्याची खात्री झाल्याशिवाय ते चालू करू नयेत. पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस फुकट मिळते. त्यातही डेटाबेस आणि शीट दोन्ही आहेत, भाषा मात्र थोडी वेगळी शिकावी लागते.

पहिला महिनाभर कागदी रजिस्टर बंद करू नका. दर आठवड्याला दोन्ही बेरजा शेजारी ठेवून ताडून पाहा आणि त्या वेळी कारागिरांनाही बोलवा. ज्यांच्या पगाराचा हिशेब आहे, त्यांनी तो आधी पाहिलेला बरा.