चतुराच्या शेपटीचा दोरा

पाऊस ओसरून हवेत ऊन तापू लागलं, की आमच्या खळ्यावर चतुरांचे थवे यायचे. पिवळसर तांबूस अंग, काचेसारखे पंख. दिवसभर ते हवेतच असायचे; कातरवेळी मात्र बाभळीच्या काटकीला लटकून विसावायचे. तेव्हा आम्ही मुलं दबकत जाऊन त्यांची शेपटी चिमटीत पकडायचो, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधायचो आणि ते ‘हेलिकॉप्टर’ उडवायचो. दोऱ्याच्या टोकाला फडफडणारा तो जीव बघून वाटायचं, याचं जग ते केवढं? हे खळं, तो बांध, पलीकडची विहीर.

पुढे बऱ्याच वर्षांनी मालदीवविषयी एक गोष्ट वाचली. मालदीव म्हणजे पोवळ्याची बेटं. तिथं जमिनीवर गोडं पाणी जवळपास नाहीच, आणि चतुर तर अंडी घालतो गोड्या पाण्यात. तरीही दर ऑक्टोबरमध्ये तिथं लाखोंनी चतुर उतरतात. चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत होते. त्यांनी वर्षानुवर्षं चतुरांच्या येण्याच्या तारखा टिपल्या, वाऱ्यांशी ताडून पाहिल्या आणि 2009 साली निष्कर्ष मांडला: हे चतुर भारतातून येतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. हजार मीटरच्याही वर, पाठीशी वारा घेऊन. मोसमी पावसाचा पट्टा जसा दक्षिणेकडे सरकतो, तसा त्यांचा प्रवास. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालायची, पिल्लांनी काही आठवड्यांत मोठं व्हायचं आणि पुढची वाट धरायची. जाऊन येऊन 14 ते 18 हजार किलोमीटरचा हा फेरा चार पिढ्या मिळून पुरा करतात, असा त्यांचा अंदाज आहे. बोटभर लांबीच्या त्या जिवाला आम्ही वीतभर दोऱ्यानं बांधत होतो.

त्या दिवसापासून मी नवलाच्या गोष्टी एका वहीत उतरवून ठेवतो. बरीच पानं आता मला निरर्थक वाटतात. सर्वांत उंच, सर्वांत जुनं, सर्वांत महाग, एवढंच सांगणारी नोंद वाचून संपते. टिकल्या त्या वेगळ्या नोंदी: ज्यांचा दोरा ओढला की तो भलत्याच घरात जातो. निसर्गातला दोरा गाण्यात निघतो, रंगातला औषधात, खेळातला माणसाच्या अभिमानात. त्यातल्या काही नोंदी इथं मांडतो.

झाडावरची लाख, तबकडीतलं गाणं

लाख आपल्याला बांगड्यांमुळे ठाऊक, टपालाच्या लाल मोहरेमुळे ठाऊक आणि महाभारतातल्या लाक्षागृहामुळेही. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा कीटक वस्ती करतो. मादी रस शोषते आणि स्वतःभोवती राळेचं कवच रचते. हजारो माद्यांची कवचं एकमेकांना चिकटली की फांदीवर जाड पुटं चढतात. ती खरवडायची, धुवायची, वितळवून पातळ पत्र्यासारखी ओढायची, की झाला चपडा.

सुतार ज्याचं पॉलिश करतो, त्याच चपड्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून ग्रामोफोनच्या जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या बनत. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीतल्या हानोवरला. आवाज कुणाचा हे तिथल्या कारागिरांना कळावं, म्हणून गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत. म्हणजे भारतातल्या झाडांवर जमणारी लाख कारखान्यांपर्यंत जायची आणि आपल्याच मातीतला सूर अंगावर कोरून घेऊन परत यायची.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसत. तासभर फुलणारा ख्याल अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायकांना तेवढ्यात आटोपशीर मांडावा लागला. आलापाचा विस्तार गेला, पण रागाचा अर्क पहिल्याच सुरात ठेवण्याची एक नवी जाण आली. दुसऱ्या महायुद्धात लाख युद्धसामग्रीसाठी हवी होती. 1942 साली अमेरिकेनं तिच्या वापरावर बंधनं घातली, तेव्हा नव्या तबकड्यांसाठी जुन्या परत घेऊन भरडल्या गेल्या. एका किड्याच्या कवचावर कोरलेले किती सूर त्या भरडणीत गेले असतील, या विचारानं मला आजही हळहळ वाटते.

लाल शोधताना निळा

रंगाची गोष्टही एका किड्यापासूनच सुरू होते. 1706 च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी कोचिनील किड्यापासून लाल रंग बनवत होता. त्यासाठी त्यानं वापरलेल्या पोटॅशमध्ये प्राणिज तेलाचा अंश मिसळलेला होता. भांड्यात लाल उतरण्याऐवजी गडद निळा उतरला. तोवर चांगला निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या खाणींतला लाजवर्द दगड कुटून केलेला रंग, आणि त्याचा भाव चित्रकाराला धडकी भरवणारा. हा ‘प्रशियन निळा’ मात्र कुणालाही परवडणारा होता. तो जपानपर्यंत पोचला आणि 1831 च्या सुमारास चित्रकार होकुसाईच्या जगप्रसिद्ध लाटेच्या चित्रात उसळला.

पण दोरा तिथं थांबत नाही. 1987 साली ब्राझीलच्या गोइयानिया शहरात, बंद पडलेल्या दवाखान्यात राहून गेलेलं किरणोपचाराचं यंत्र भंगार म्हणून फोडलं गेलं. आतली सिझियमची पूड अंधारात निळी चमकत होती. लोकांनी कौतुकानं ती घरी नेली, अंगाला लावली. चार जण दगावले. अनेकांना वाचवण्यासाठी डॉक्टरांनी जे औषध दिलं, ते होतं प्रशियन निळं! त्याच्या कणांची जाळी आतड्यातलं सिझियम धरून ठेवते आणि शरीराबाहेर नेते. जो रंग होकुसाईच्या लाटेत आहे, तो माणसांच्या पोटात जाऊन विष वेचून आणत होता.

बांबू फुलला आणि राज्य जन्मलं

आपल्या सह्याद्रीत कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा आपण ती बघायला डोंगर चढतो. मिझोरमच्या डोंगरांत मात्र एका फुलोऱ्याची धास्ती असते. तिथला ‘मौताक’ बांबू साधारण 48 वर्षांनी एकाच वेळी फुलतो, फळतो आणि मरतो. मिझो लोक या काळाला ‘मौताम’ म्हणतात, म्हणजे बांबूचं मरण. जंगलात फळांचा खच पडतो आणि खायला मुबलक मिळाल्यानं उंदरांची वीण बेसुमार वाढते. फळं संपली की ते भाताच्या शेतांत आणि कणग्यांत घुसतात.

1959 चा मौताम जवळ आला, तेव्हा जुन्या माणसांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा हा प्रदेश आसाम राज्यात होता आणि सरकारनं तो इशारा पुरेसा मनावर घेतला नाही. उंदरांच्या शेपट्या मोजून बक्षिसं दिली गेली, पण पीक गेलंच आणि दुष्काळ पडला. उपाशी गावांना धान्य पोचवण्यासाठी जी संघटना उभी राहिली, तिच्यातूनच 1961 साली लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष झाला. 1966 मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि भारतीय हवाई दलाला स्वतःच्याच देशातल्या ऐजॉलवर हल्ला करावा लागला. वीस वर्षांनी, 30 जून 1986 रोजी करार झाला. 20 फेब्रुवारी 1987 ला मिझोरम राज्य झालं आणि लालडेंगा मुख्यमंत्री. 2007 साली बांबू पुन्हा फुलला. डोंगरात राहणाऱ्यांच्या आठवणी या हवामानखात्याच्या नोंदींइतक्याच मोलाच्या असतात. त्या ऐकल्या नाहीत तर केवढी किंमत मोजावी लागते, हे या गोष्टीतून मी शिकलो.

एकच चेहरा, राम आणि सीता

दादासाहेब फाळके 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधत होते. कॅमेऱ्यासमोर यायला एकही स्त्री तयार होईना. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाकी म्हणून काम करणारे अण्णा साळुंके त्यांना दिसले आणि तेच तारामती झाले. चार वर्षांनी आलेल्या ‘लंकादहन’मध्ये तर राम साळुंकेच आणि सीताही साळुंकेच! अशोकवनात विरहानं झुरणारी आणि तिच्यासाठी व्याकूळ झालेला, दोघांचा चेहरा एक. प्रेक्षकांनी त्या दोघांनाही भक्तिभावानं पाहिलं.

मधल्या काळात, 1913 सालीच, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं होतं. त्याच कमलाबाई गोखले म्हणजे चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. त्या काळी दोघी मायलेकींनी उचललेलं ते पाऊल किती धीराचं होतं, हे साळुंक्यांच्या सीतेकडे पाहिलं की नीट उमगतं.

चित्राला ऑलिंपिक पदक

1912 ते 1948 या काळात ऑलिंपिकमध्ये वास्तुकला, साहित्य, संगीत, चित्र आणि शिल्प यांनाही पदकं दिली जात. अट एकच: कलाकृतीचा विषय खेळ हवा. आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्तँ यांनी 1912 साली टोपणनावानं कविता पाठवली आणि सुवर्णपदक मिळवलं. अमेरिकेच्या वॉल्टर विनान्स यांनी 1908 मध्ये नेमबाजीचं सुवर्ण जिंकलं आणि 1912 मध्ये घोड्याच्या शिल्पाचं. 1948 मध्ये ब्रिटनच्या जॉन कॉप्ली यांनी 73 व्या वर्षी रौप्य घेतलं. खेळाडू हौशीच असावा हा तेव्हाचा नियम होता आणि कलावंत तर कलेवरच पोट भरतो. या पेचात कलेची पदकं बंद झाली. मल्लखांबावरचा पोरगा पाहताना मला शिल्पच आठवतं, म्हणून ही ताटातूट मनाला लागते.

बोटीची वेळ आणि संघाची लाज

क्रिकेटमधल्या दोन नोंदी मी मुद्दाम शेजारी लिहिल्या आहेत. मार्च 1939 मध्ये डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सुरू झाली. तिला मुदत नव्हती. निकाल लागेपर्यंत खेळायचं. इंग्लंडपुढे 696 धावांचं लक्ष्य होतं. ते 5 बाद 654 वर पोचले, अवघ्या 42 धावा उरल्या, आणि पाऊस आला. मायदेशी जाणारी बोट केपटाउनहून सुटणार होती, गाडी पकडणं भाग होतं. 3 तारखेला सुरू झालेला सामना 14 तारखेला तसाच सोडून संघ निघाला. तशी बिनमुदत कसोटी पुन्हा झाली नाही.

दुसरी नोंद डिसेंबर 1948 ची, आपल्या पुण्याची. रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा 452 चा विश्वविक्रम मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीची वेळ झाली. आपल्या गोलंदाजांविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये, म्हणून काठियावाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. संघ मैदानावर परतलाच नाही. पुढे ब्रॅडमन यांनी पत्र लिहून निंबाळकरांच्या खेळीचं कौतुक केलं. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना मात्र कधीच मिळाला नाही. बोटीपायी अडलेल्या 42 धावांचं दुःख होत नाही. या दहा धावा मात्र कोल्हापूरच्या त्या मोठ्या फलंदाजाच्या नावावर जमा व्हायलाच हव्या होत्या, असं प्रत्येक वेळी वाटतं.

एकोणचाळीस मिनिटं

वेळेचंच निघालं म्हणून आणखी एक. 1906 पासून भारताची प्रमाणवेळ ठरली, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर. मुंबई त्याच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांच्या आसपास. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, म्हणजे मुंबईचा मध्यान्ह 39 मिनिटं उशिरा. मुंबईकरांनी आपला सूर्य सोडला नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ 1955 पर्यंत टिकून राहिला. देश स्वतंत्र झाल्यावरही आठ वर्षं एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. घड्याळ हा माणसांनी मिळून केलेला करार आहे, हे मला या 39 मिनिटांनी शिकवलं.

पुन्हा खळ्यावर

वही चाळताना एक गोष्ट सारखी जाणवते. या प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी ‘हे असं का?’ म्हणून थांबलेलं आहे. बेटावर चतुर इतरांनाही दिसत होते. अँडरसन यांनी तारखा लिहिल्या. बिघडलेला रंग फेकून देता आला असता. डीसबाखनं तो ठेवला. मिझो म्हाताऱ्यांनी दोन फुलोऱ्यांमधली वर्षं मोजून लक्षात ठेवली होती.

गेल्या दसऱ्याला गावी गेलो होतो. चतुर आले होते. पुतण्याच्या मुलानं विचारलं, “आजोबा, दोरा देता?” मी त्याला जवळ बसवलं आणि मालदीवची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे हे परत येणार नाहीत?”

“हे नाही. यांची नातवंडं-पतवंडं येतील, पावसाबरोबर.”

“मग आपल्याला कसं कळणार?”

मी त्याच्या हातात वही दिली. त्यानं तारीख घातली, वारा कुठून येतोय ते बोट ओलं करून पाहिलं आणि खाली लिहिलं: ‘खळ्यावर चतुर. खूप. मोजता आले नाहीत.’